एक, दोन, सोड

नोव्हेंबरमधली ती रोबोंची मॅच आम्ही 58-67 ने हरलो आणि त्या 67 मधले 15 पॉइंट आम्ही स्वतःच्या हाताने दिलेले होते. पाच-पाचचे तीन फाउल. ते नसते तर 58-52, म्हणजे आम्ही जिंकलो असतो. नेरूळहून ठाण्याला परत येताना रोबो क्रेटमध्ये चादरीत गुंडाळून पायाशी ठेवलेला, आणि आमचा ड्रायव्हर, नववीत आहे तो, घणसोली गेलं रबाळे गेलं ऐरोली गेलं तरी खिडकीबाहेरच बघत बसलेला, दिघा गाव आल्यावर एकदाच बोलला, "ताई, मी त्याला बरोबर धरलं होतं ना, मग चुकलं काय?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते शोधायला आम्हाला दोन महिने लागले, ते सगळं इथे लिहितेय, कारण डिफेन्सबद्दल, म्हणजे समोरच्या रोबोला अडवण्याबद्दल, मराठीत कोणी काही सांगत नाही आणि नवीन टीम्स तीच चूक परत परत करतात.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फर्स्ट टेक चॅलेंज म्हणजे एफटीसी, शाळेतल्या मुलांची रोबो स्पर्धा, त्यात दोन विरुद्ध दोन रोबो असतात, मैदान 12 फूट बाय 12 फूट, फोमच्या 36 टाइल्स, एक टाइल दोन फुटाची. आधी 30 सेकंद ऑटो, रोबो स्वतः चालतो, मग 2 मिनिटं टेलिऑप, तेव्हा आपण गेमपॅडने चालवायचं. दरवर्षी गेम बदलतो. 2025-26 च्या सीझनचा गेम डीकोड, तो जाहीर झाला 6 सप्टेंबर 2025 ला, म्हणजे नेमकं अनंत चतुर्दशीला, आमची निम्मी टीम तलावपाळीला विसर्जनाच्या गर्दीत आणि उरलेली मोबाइलला चिकटलेली. डीकोडमध्ये जांभळे आणि हिरवे बॉल असतात, रोबोने एका वेळी जास्तीत जास्त तीन घ्यायचे आणि आपल्या गोलमध्ये फेकायचे, पण फेकताना रोबो लाँच झोनमध्ये किंवा निदान त्याच्या रेषेवर पाहिजे. लाँच झोन दोन, एक गोलजवळचा मोठा त्रिकोण आणि एक लांबचा छोटा, दोन टाइल रुंद आणि एकच टाइल खोल. बॉल नीट रॅम्पवर बसला तर 3 पॉइंट, रॅम्पवर नऊ मावतात, भरल्यावर वरून गेलेल्याचा 1, मग गेट उघडून रॅम्प रिकामा करायचा आणि परत सुरू.

आता आमची परिस्थिती. आमचा शूटर, म्हणजे रोबोचा बॉल फेकणारा भाग, चांगला नव्हता. तीनपैकी दोन बॉल जायचे आणि एका फेरीला, म्हणजे बॉल गोळा करून फेकून परत येईपर्यंत, 30 सेकंद लागायचे. नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत काही टीम्सनी मिळून एका हॉलमध्ये सरावाच्या मॅचेस ठेवल्या होत्या, तिथे गेल्यावर कळलं की बाकीचे 12 सेकंदात फेरी करतायत. मग पिटमध्ये, म्हणजे टीम्स आपला रोबो ठेवून दुरुस्त करतात त्या जागेत, कोणीतरी म्हणालं की आपण डिफेन्स खेळू. आणि डिफेन्स म्हणजे आमच्या डोक्यात काय, तर समोरच्याच्या अंगावर जायचं.

तेच केलं. ड्रायव्हरने त्यांचा बॉट भिंतीला लावला आणि दाबून धरला, आम्ही बाहेरून ओरडतोय धर धर सोडू नको. मी ड्राइव्ह कोच होते, म्हणजे मॅच चालू असताना ड्रायव्हरला सूचना देणारी, मीच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते.

मॅचनंतर एका काकांनी फोनवर काढलेला व्हिडिओ आणला, म्हणाले रेफ्रींना दाखव, आपला बॉट सारखा हलतोय, धरून ठेवलाय कुठे. पण व्हिडिओ बघून निर्णय बदलत नाहीत असा नियमच आहे, आणि विचारायला फक्त टीममधला विद्यार्थीच जाऊ शकतो, पालक नाही सर नाही. मी गेले. त्यांनी शांतपणे समजावलं की तुमचा बॉट हलत होता हे बरोबर आहे पण त्यांचा हलू शकत नव्हता, मागे भिंत होती. पिन म्हणजे तुमच्या स्पर्शामुळे समोरच्याचं हलणं बंद होणं. तीन सेकंदांपर्यंत चालतं, पुढे फाउल, आणि नाही सोडलं तर दर तीन सेकंदांना आणखी एक. आणि सोडणं म्हणजे नुसतं जरा मागे येणं नाही, दोघांमध्ये निदान दोन फूट, म्हणजे एक टाइल अंतर पडलं पाहिजे आणि ते तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकलं पाहिजे, तेव्हा मोजणी शून्यावर येते. आमचा ड्रायव्हर वीतभर मागे येऊन परत दाबत होता, त्याला वाटत होतं की तो नियम पाळतोय.

हे सगळं नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं. आम्ही बॉल आणि शूटरची पानं वाचली होती, रोबो एकमेकांना लागतात त्याची पानं नीट वाचलीच नव्हती.

वागळे इस्टेटमध्ये टीममधल्या एकाच्या बाबांचा गाळा आहे, पत्र्याचं काम चालतं, संध्याकाळी सातनंतर फरशी मोकळी मिळते. पूर्ण मैदान बसत नाही, सहा बाय तीन टाइल एवढंच बसतं, म्हणजे अर्धं. पहिल्या दिवशी रोबोला हातच लावला नाही, फळ्यावर आकडेमोड केली. समोरचा चांगला बॉट 12 सेकंदात फेरी करतो, 120 सेकंदात 10 फेऱ्या, तीन बॉल तीन पॉइंट म्हणजे फेरीला 9, झाले 90. आपण नडलो आणि त्याची फेरी 20 सेकंदांवर नेली तर 6 फेऱ्या, 54. म्हणजे त्याचे 36 गेले. पण आपण डिफेन्स करताना स्वतः बॉल टाकत नाही, आपल्या 4 फेऱ्यांचे दोन बॉलप्रमाणे 24 बुडाले. फायदा 12. एक फाउल झाला तर उरले 7, दुसरा झाला तर 2, तिसरा झाला की आपण खड्ड्यात. म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये आमच्याकडे दोन चुकांची जागा आहे, बस. आणि हेच गणित एखाद्या चांगल्या शूटरच्या टीमने मांडलं तर त्यांना डिफेन्स परवडणारच नाही, त्यांचे स्वतःचे बुडणारे पॉइंट जास्त आहेत. म्हणून दोघांपैकी ज्याचा शूटर कमजोर त्याने समोरच्या दोघांपैकी जो तगडा त्याच्यामागे लागायचं. हे फळ्यावर दिसलं तेव्हा खोलीतला मूडच बदलला. तोपर्यंत डिफेन्स म्हणजे आपल्याला जमत नाही म्हणून करायचं काम असं सगळ्यांना वाटत होतं.

पण 12 चे 20 करायचे कसे, ते काही फळ्यावर येत नव्हतं.

इथे माझा मामा आला. मामा घणसोली गावात राहतो, तरुणपणी गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचा, डावा कोपरारक्षक. मला न्यायला आला होता आणि आमचा सराव बघत दारात उभा राहिला. ड्रायव्हर दुसऱ्या बॉटच्या मागे मागे पळतोय, हा तिकडे गेला की तो तिकडे, कायम अर्धा सेकंद उशीर. मामा म्हणाला, "बाय, हा पळतो कशाला? येणार तर तो तुमच्याकडंच आहे ना?"

मी त्याला नियम सांगितले, धरायचं नाही, तीन सेकंदात सोडायचं, पाडायचं नाही, तोडायचं नाही. तो म्हणाला मग तुमच्यात पकड नाहीच, तुमच्यात नुसता कोपरा आहे. आणि मग त्याने अर्धा तास गाळ्याच्या फरशीवर उभं राहून दाखवलं. कोपरारक्षक चढाईवाल्याच्या मागे धावत नाही, तो त्याचा कोन बंद करतो. चढाईला 30 सेकंद असतात, त्यातले 25 त्याला नुसतं फिरण्यात घालवायला लावले की पुढचं तो स्वतःच घाईत चुकवतो. आणि हातापायाकडे बघायचं नाही, हात फसवतात, कंबर बघायची, कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो.

रोबोला कंबर कुठली, पण विचार करून करून सापडली. शूट करायच्या आधी प्रत्येक बॉट थांबतो आणि शूटरचं तोंड गोलकडे फिरवतो. तो थांबण्याचा क्षण, तीच कंबर. त्याच्याआधी अंगावर जाऊन उपयोग नाही, तो वळसा घालून निघून जातो. थांबला की हलकं लागायचं. आणि कुठे लागायचं हेही महत्त्वाचं, बॉटच्या मधोमध ढकललं तर तो नुसता सरकतो पण कोपऱ्यात ढकललं तर तो फिरतो, दार बिजागरीपासून लांब ढकललं की सहज उघडतं तसंच. थोडासा फिरला तरी नेम गेला, परत नेम धरायला तीन-चार सेकंद. एवढंच पाहिजे होतं आम्हाला! धक्का एक सेकंदाचा, नुकसान चारचं, आणि पिनचा प्रश्नच नाही कारण त्याला चारही बाजूंनी वाट मोकळी आहे.

वाट मोकळी ठेव, हे मग आमचं पहिलं वाक्य झालं. मागे भिंत असेल, दुसरा बॉट असेल, गोल असेल तर मोजणी लगेच सुरू.

मोजायचं काम माझं. एक, दोन, सोड. दोनलाच सोडायचं कारण रेफ्रींचा तीन आणि माझा तीन एकाच वेळी पडेल याची खात्री नाही. सोड म्हटलं की एक टाइल मागे, मग चार मोजायचे, मग परत. ऐकायला सोपं आहे पण पहिले दोन आठवडे जमलंच नाही, ताण आला की माझा सेकंद आखूड व्हायचा, व्हिडिओवर घड्याळ लावून बघितलं तर मी दोन म्हणेपर्यंत खरा सव्वा सेकंदच झालेला असायचा आणि ड्रायव्हर उगाच लवकर सुटायचा. मग फोनवर मेट्रोनोम 60 वर लावून मी घरी, बसमध्ये, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मोजत बसायचे. आई म्हणायची काय पुटपुटतेस. पण जानेवारीपर्यंत माझा सेकंद पक्का झाला.

रोबोवरही काम झालं. आमची चाकं मेकॅनम, म्हणजे चाकाच्या कडेला 45 अंशात रोलर असतात, त्यामुळे बॉट आडवा सरकू शकतो पण समोरासमोर ढकलाढकलीत कमी पडतो. साधी रबरी चाकं लावा असं बऱ्याच जणांनी सांगितलं. आम्ही नाही लावली, कारण कोपऱ्यावर उभं राहून समोरच्याबरोबर आडवं सरकणं हाच आमचा खेळ होता, ताकद लावणं नाही. मोटर्स मात्र 435 आरपीएमच्या काढून 312 च्या लावल्या, वेग थोडा गेला, दम आला. बॅटरी खाली घेतली. आणि चारही बाजूंना सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेट्स, गाळ्यातल्या मेस्त्रींनी बेंडिंग मशीनवर वाकवून दिल्या, म्हणजे दुसऱ्याचा इंटेक, बॉल आत ओढणारा भाग, आमच्यात अडकणार नाही, अडकून काही तुटलं तर ते आमच्यावर येतं आणि खरं सांगू का, कोणाच्या चार महिन्यांच्या मेहनतीचं आपल्यामुळे नुकसान झालेलं कोणालाच नको असतं. 18 इंचाच्या मापात प्लेटचा एक कोपरा बसेना, तो कानशीने घासला.

एक गोष्ट आम्ही त्रास होऊन शिकलो. डिसेंबरमध्ये सरावात दोन बॉट समोरासमोर भिडले आणि दोघांपैकी कोणी हटेना, मोटर जागच्या जागी अडकली की करंट प्रचंड ओढते, 12 व्होल्टची बॅटरी धपकन खाली आली आणि आमचा कंट्रोल हबच, म्हणजे रोबोचा मेंदूच, बंद पडून परत सुरू झाला. तेवढा वेळ बॉट मैदानात दगडासारखा. तेव्हापासून समोरासमोर भिडणं पूर्ण बंद, भिडला तर लगेच आडवं निघायचं.

जानेवारीत परत नवी मुंबई, तशाच सरावाच्या मॅचेस, पण टीम्स जास्त होत्या. सकाळी पहिल्या मॅचेस चालू असताना मी वही आणि स्टॉपवॉच घेऊन वर बसले आणि प्रत्येक बॉटच्या फेऱ्या मोजल्या. कोण लांबच्या झोनमधून फेकतो, कोण जवळून, कोण थांबून नेम धरतो, कोणाचा शूटर स्वतः फिरतो. लांबून फेकणारे आमच्यासाठी चांगले, कारण तो त्रिकोण एवढा छोटा आहे की जागा थोडी चुकली तरी ते बाहेर जातात. पण मी पार्टनर टीमला प्रत्येक मॅचच्या आधी रांगेत उभं असतानाच सांगायचे की आम्ही एकटेच तिथे असू, तुम्ही तिकडे फिरकू नका, कारण दोघांनी मिळून मैदानाचा महत्त्वाचा भाग बंद करणं नियमात बसत नाही. एका पार्टनरने सुचवलं की त्यांना झोनबाहेर ढकलत राहू म्हणजे ते बाहेरून फेकतील आणि त्यांना फाउल लागेल. तेही चालत नाही, समोरच्याला मुद्दाम नियम मोडायला लावला तर तो फाउल त्याच्यावर लागत नाही, उलट आपल्यावर येऊ शकतो. आणि लोडिंग झोनमध्ये, म्हणजे रोबोला माणसं बॉल देतात तिथे, ते बॉल घेत असताना त्यांना शिवायचंच नाही.

तिसऱ्या मॅचला वहीतला सगळ्यात तगडा बॉट समोर आला, सकाळी 12 सेकंदात फेरी करणारा. आमचा ड्रायव्हर लांबच्या झोनच्या टोकावर जाऊन उभा राहिला, पळाला नाही. तो बॉट आला, थांबला, आमचा कोपऱ्यावर हलकेच लागला, तो फिरला. परत नेम, परत धक्का. मी एक, दोन, सोड. चार मोजले. परत. त्यांची ड्रायव्हर एक मुलगी होती, तिने मोठ्या झोनकडे जायचं ठरवलं तर तिथे पोहोचेपर्यंतच तिचे सहा सेकंद गेले. शेवटचे वीस सेकंद राहिले तसं मी घरी म्हटलं, म्हणजे सगळं सोडून बेसमध्ये, शेवटी परत यायच्या आपल्या चौकोनात, पूर्ण आत गेलं की 10 पॉइंट, डिफेन्सच्या नादात ते घालवायचे नाहीत. त्यांच्या फेऱ्या मी नंतर मोजल्या, सहा. फाउल शून्य. 71-63 ने जिंकलो.

बाहेर आलो तर मागून एक गृहस्थ म्हणाले, रडीचा डाव खेळतात ही पोरं. ड्रायव्हरचं तोंड उतरलं. मला फार लागलं ते, कारण त्याने दोन महिने रोज दीड तास फक्त सोडायचा सराव केला होता. रडीचा डाव म्हणजे नियम बाजूला ठेवून खेळणं, आम्ही तर बाकी कोणापेक्षा जास्त नियमात होतो. सरांनी त्याला बाजूला घेतलं आणि अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लावर्स यांच्याबद्दल सांगितलं, जीव तोडून खेळा आणि त्याच वेळी समोरच्याचा मान ठेवा हा विचार त्यांनी फर्स्टमध्ये, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेत, रुजवला, आणि सर म्हणाले तू आज दोन्ही केलंस.

पुढची मॅच मात्र गेली. समोरच्या बॉटचा शूटर टरेटवर, म्हणजे स्वतः फिरणाऱ्या बैठकीवर होता आणि तो चालता चालता फेकायचा, फिरवा सरकवा काही करा, नेम तसाच. आम्ही अख्खी मॅच त्याच्यामागे घालवली आणि त्याची एकही फेरी लांबली नाही, आपले 24 मात्र बुडाले. जेवायच्या सुट्टीत आम्ही ठरवलं की दोन फेऱ्या मोजायच्या आणि फरक दिसला नाही तर डिफेन्स सोडून बॉल टाकायला जायचं. हे आधीच ठरवायला हवं होतं.

त्याच सुट्टीत ती मुलगी आमच्या पिटमध्ये आली. तिसऱ्या मॅचवाली. हातात डबा, म्हणाली तुम्ही मला आज पहिल्यांदा अडवलंत, मी काय करायला हवं होतं? आमच्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं, सांगायचं का? सांगितलं. दोन खुर्च्या घेऊन दाखवलं. मोकळ्यात थांबू नकोस, गोलला टेकून उभी राहा आणि तिथून फेक, मागे गोल असला की आम्ही तुला फिरवू शकत नाही, सरकवू शकत नाही, आणि दाबलं तर आमची मोजणी सुरू होते, दोनला आम्हाला सोडावंच लागतं. तिने विचारलं एवढ्या जवळून नेम बदलावा लागेल ना, तर आमच्या शूटरवाल्याने तिच्याबरोबर बसून हूडचा, म्हणजे बॉलला दिशा देणाऱ्या वरच्या झाकणाचा, कोन बदलून दिला.

बाद फेरीसाठी आम्हाला एका टीमने निवडलं, त्यांच्या कॅप्टनने एवढंच विचारलं की मॅचमध्ये तुमच्या टीममधलं कोण मोजत असतं. एक मॅच जिंकलो. मग समोर तीच मुलगी.

ती सरळ गोलला टेकून उभी राहिली. आमचा ड्रायव्हर गेला, कोपऱ्यावर लागला, ती हलली नाही. मी एक म्हटलं आणि त्याने स्वतःच सोडलं, त्याला कळलं होतं. दुसऱ्या बाजूने गेला, तेच. दोन फेऱ्या मोजल्या, फरक नाही, मी म्हटलं बॉलला चल. आम्ही बॉल टाकले, पण ती थांबली नाही. 66-84.

परत येताना लोकलमध्ये जागा मिळाली, क्रेट आमच्या दोघांच्या मधे ठेवलं. ड्रायव्हरने कोपरखैरणेला माझ्याकडे वही मागितली. त्याने व्हिडिओ लावला, कानात इअरफोन घातला आणि स्टॉपवॉच सुरू करून तिच्या नावापुढे खाली खाली लिहीत गेला, 9, 10, 9, 11, 9.

"ताई," ऐरोलीला म्हणाला, "ती बॉल घ्यायला दर वेळी डावीकडूनच जाते."